मीठ लावलेलं वासरू

१३ मार्च १९७१, रतनवाडी

आलो एकदाचा! भिंगारच्या कचेरीतून आठवड्याची रजा. साहेबांना वाटतंय, लग्नाच्या खरेदीला गेलोय. आणि मी डोंगर तुडवत हरिश्चंद्रगडाकडे. चाळिशीचा नवरामुलगा!

नवरी जामखेडच्या छबूबाई. विधवा, पदरात चार वर्षांची मुलगी. बोलणी करताना माझ्या थोरल्या भावाने, रंगनाथदादाने अट घातली — मुलगी आजोळी राहील. मी तिथेच बसलो होतो. पान चघळत, गप्प. ते गप्प बसणं अजून सलतंय. परत गेलो की दादाला हो की नाही ते सांगायचंय.

१४ मार्च

दिवसभर चाल. कात्राबाईची खिंड चढून वर आलो नि पाय आपोआप मंदावले. केवढं हे कुरण! गवत वाळून पिवळं, झऱ्याच्या काठाने तेवढी हिरवी कड. करवंदी फुललेल्या, वास वाऱ्यावर यायचा, जायचा. अंजनीच्या फांद्यांना जांभळी फुलं चिकटलेली. सकाळच्या धुक्यात मी पुढे चाललोय की कुरणच मागे सरकतंय, कळेना. मध्येच आडवा झालो. डोळा लागला. जाग आली तेव्हा ढगाची सावली अंगावरून चालली होती. दुपारभर मी कुणाचा भाऊ नाही, कुणाचा होणारा नवरा नाही. कचेरीतला बाबू तर नाहीच नाही. फार बरं वाटलं.

संध्याकाळी कडूबाई नावाच्या बाईंच्या झापाशी, गवताच्या खोपटापाशी मुक्काम. गुरं घेऊन माथ्यावरच राहतात त्या. त्यांच्या गायीचं वासरू परवा दगावलं. दुसऱ्या एका वासराची आई कड्यावरून पडून गेली. गाय त्या पोरक्याला जवळ येऊ देईना, लाथा झाडत होती. कडूबाईंनी त्याच्या पाठीवर मीठ चोळलं नि तिच्यापुढे उभं केलं.

"आता चाटंल. चाटलं की तिचं झालं."

"आणि नाहीच चाटलं तर?"

"मंग परत मीठ. आपुन कटाळायचं न्हाई."

गायीने हुंगलं. तोंड फिरवलं. पुन्हा हुंगलं. मग चाटत सुटली — पाठ, मान, कान. वासरू सडाला लागलं. मला रडूच आलं. कडूबाई म्हणाल्या, "धूर लागला व्हय डोळ्याला?" हो म्हटलं.

१५ मार्च

गड राहिला. तो कुठे पळून जात नाही. "मुलगी आपल्याकडे राहील" — वाटभर मोठ्याने म्हणत उतरलो. एक गुराखी वळून वळून बघत होता.

१७ मार्च, जामखेड

दादाला न विचारता थेट छबूबाईंच्या दारात. जोंधळे पाखडत होत्या. एका दमात सांगितलं, मुलीसकट या.

सूप खाली ठेवून म्हणाल्या, "परवाच नकार धाडलाय मी तुमच्या भावाकडं. पोर टाकून येनारी बाई तुमाला तरी कशी चालली हुती?"

मुलगी उंबऱ्यावर बसून माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत होती. नगरची शेवटची एसटी गेली. देवळात पडलोय. सकाळी पुन्हा त्यांच्या दारी जाईन.