बारक्याच्या खोलीतला आवाज

ता. ९, रविवार, दुपार

चि. चिंगीस,
मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र, त्यासोबतचं ते गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक आणि कॉम्प्युटरवर पाठवलेलं रेकॉर्डिंग, सगळं पोचलं. उत्तराला उशीर झाला. मध्ये तू फोनवर फोन केलेस, ते मी पाहिले आणि उचलले नाहीत, हेही आधीच सांगून टाकते. रागावू नकोस. काही गोष्टी मला तोंडाने धड सांगता येत नाहीत. लिहिताना निदान खोडता येतं.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लोखंडी खुर्च्या आणल्यात आणि त्या दिवसभर इकडून तिकडे सरकवतात. वायरमनही बरे आहेत. माझ्याबरोबर घरं तपासायला येतात ते निवृत्त वायरमन, तुला आठवत असतील. परवा माळ्यावर चढायची वेळ आली तर शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून मला म्हणाले, "बाई, आता भुतानंच खाली यावं. माझ्यानं वर जाववत नाही." मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

आता तुझा प्रश्न. लोकांच्या घरातले आवाज, सावल्या, आपोआप उघडणारी दारं यांचा तपास करायचा तर प्रमाणपत्र लागतं का? नाही लागत, बाळ. कुणीही उठावं आणि करावं. माझ्याकडे कागद आहे तो कानाच्या दवाखान्यातल्या नोकरीचा. लोकांना ऐकू किती येतं ते मी तिथे वर्षानुवर्षं तपासलं. या कामाचा कागद माझ्याकडे नाही, वायरमनकडेही नाही. तुझ्या त्या माहितीपत्रकातल्या कोर्सचं मला हसू आलं. सहा आठवडे घरबसल्या शिक्षण आणि शेवटी फोटोसकट ओळखपत्र! ते कुणाला दाखवायचं गं? भूत काय दारातल्या रखवालदारासारखं अडवणार आहे?

पण असं ओळखपत्र गळ्यात घातलेला एक जण गेल्या महिन्यात आमच्या आधी एका घरी जाऊन आला होता. त्याने स्वयंपाकघरात तीन आत्मे सांगितले. घरच्यांनी घाबरून स्वयंपाकघर बंद केलं आणि बाहेरच्या खोलीत शेगडी मांडली. आम्ही गेलो. शेजाऱ्याच्या धुराड्याचा पत्रा सुटला होता आणि वारा आला की कण्हत होता. वायरमननी तो तारेने बांधला, आवाज थांबला. घरधनी मात्र आमच्याकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू आम्हीच काहीतरी चोरलं. शेवटी म्हणालाच, "त्या साहेबांनी तीन सांगितले होते. तुम्हाला एकही सापडला नाही?" आता या माणसाला काय सांगणार? आम्ही चपला घालून निघालो.

तेव्हा लागतं काय, तर शिडी धरायला माणूस लागतो. भिंतीतला नळ आणि छपरातला उंदीर आवाजावरून वेगळे ओळखता यावे लागतात. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखून त्यांना नसलेली माणसं दिसत असतील, तर आधी खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं, दवाखान्यात पाठवायचं, आणि भुताचं नाव नंतर घ्यायचं, एवढी अक्कल लागते. आणि लोकांचं ऐकून घ्यायची ताकद लागते. ती माझ्यात हल्ली उरलेली नाही. माणसं दोन तास बोलतात, त्यात आवाजाचं बोलणं पाच मिनिटांचं. बाकीचं सगळं गेलेल्या माणसाचं. मी मान हलवत बसते. घरी येते तेव्हा अंगात कणभर जीव नसतो.

आणखी एक गोष्ट सांगते, जी वायरमनलाही ठाऊक नाही. कुठल्याही तपासात तुलनेसाठी एक शांत घर लागतं. तिथे काही घडत नाही अशी खात्री असते आणि तिथेही तसंच यंत्र ठेवून तेवढाच वेळ रेकॉर्डिंग करायचं असतं. आमचं शांत घर म्हणजे माझंच घर. तुझे काका गेल्यापासून मी एकटीच राहते, बाहेर पडताना यंत्र चालू करून जाते. परत आल्यावर आधी काय ऐकायला हवं? ज्यांनी बोलावलं त्यांच्या घरचं. मी ऐकते आधी माझ्या घरचं, दिवा न लावता, पदराने नाक पुसत. इतक्या वर्षांत एकदासुद्धा काही निघालं नाही. फ्रिज सुरू होतो, फ्रिज बंद होतो. एकदा तरी काका खोकतील म्हणून मी अजून ऐकते. मला त्यांची फार आठवण येते गं.

हे तुला सांगायचं कारण असं की तू याच वाटेने निघाली आहेस. "नोकरी सोडते, कोर्स करते आणि कायमची तुझ्याकडे राहायला येते," असं एका दमात लिहिलंस. बारक्याला जाऊन अजून वर्ष झालं नाही. भाऊ गेल्याचं दुःख तुला दुसऱ्यांच्या घरांत शोधत फिरायचं आहे, आणि मी तुला ते शिकवावं असं तुला वाटतं. वर लिहितेस, "बाबा दगड आहेत, चौथ्या दिवशी दुकान उघडून बसले, रडले नाहीत, माझं त्यांच्याशी आता काही नातं नाही." ते वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उगाचच भांडी घासत बसले.

आता रेकॉर्डिंग. इतका वेळ मी त्याच्याभोवती गोल गोल फिरतेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू लिहिलंस ते असं. एका दुपारी कामावरून लवकर आलीस आणि जिन्यातच तुला बारक्याच्या खोलीतून त्याच्या सायकलचं चाक फिरल्याचा टिकटिक आवाज आला. धावत आत गेलीस तर खोलीत कुणी नाही आणि चाक फिरतंय. बाबा स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आले आणि म्हणाले, "तुला भास होतोय." मग तू कुणाला न सांगता पुस्तकांच्या मागे यंत्र लपवलंस आणि कामावर गेलीस. त्यात पुन्हा चाकाचा आवाज आहे, आणि पंख्याच्या घरघरीतून एक हाक, "ताई". तुझं म्हणणं, तो बारक्याच आहे, शंभर टक्के.

चिंगे, कोर्समध्ये शिकवत असतील की नाही कोण जाणे, पण आमचा पहिला नियम असा आहे की यंत्र ठेवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सांगायचं, आणि कोण कुठल्या वेळी कुठे असेल ते विचारून घ्यायचं. एकालाही वगळायचं नाही. तू वगळलंस, कारण तुम्ही बोलतच नाही. तुझ्या घरात माणसं उरलीत दोन, आणि त्यातल्या एकाला तू मोजलंच नाहीस.

मी पंख्याची घरघर कमी करून ते पुन्हा पुन्हा ऐकलं. खरं सांगते, मलाही तो बारक्या असावा असं वाटत होतं. दार उघडतं. सपाता घासत येतात. मग एक बारीक टुक-टुक आवाज आहे, तो तू चाकाचाच धरलास. तो तेलाच्या कुपीचा आहे. तिचं पत्र्याचं बूड अंगठ्याने दाबलं की तसा वाजतो. खाली दुकानात शिलाई मशिनींना तेल घालायची ती कुपी तूही लहानपणापासून ऐकत आलीस. मग साखळी फिरते, चाक फिरतं आणि बराच वेळ फिरत राहतं. मग कुणीतरी घसा खाकरतं. आवाज बारक्यासारखाच आहे, त्यात तुझी काही चूक नाही. तुमच्याकडे फोन केला की बाप बोलतोय की लेक, हे मलाही नेहमी विचारावं लागायचं.

ती हाक नाही, बाळ. तो एका वाक्यातला पहिलाच शब्द आहे, बाकीचं पंख्यात बुडून गेलंय. भाऊजी बारक्याशी बोलतायत. म्हणतात, "ताई जेवत नाही रे. माझ्याशी बोलत नाही. मी काय करू, सांग."

त्यापुढेही ते बरंच बोलले आहेत. ते मी ऐकलं, माझा नाइलाज होता. पण तुला लिहिणार नाही आणि साफ केलेलं रेकॉर्डिंग पाठवणारही नाही. ते त्यांनी आपल्या मुलाला सांगितलेलं आहे. मधेच ते रडतात, एवढं तुला कळायला हवं म्हणून सांगते. फार वाईट रडतात. बायको गेली तेव्हाही या माणसाला मी असं रडताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हा मी तुमच्याच घरी होते, बारक्या पाळण्यात आणि तू माझ्या मांडीवर होतीस.

तू आलीस त्या दुपारी जिन्यात तुझी चाहूल लागली असणार आणि ते स्वयंपाकघरात पळाले असणार. भास होतोय म्हणाले, ते खोटं बोलले. आपल्या पोरीने आपल्याला रडताना पाहू नये, एवढंच त्यांच्या मनात असेल. भाऊजींना मी काही कळवलेलं नाही.

तू हे वाचून माझ्यावर चिडशील. तो आवाज बारक्याचा नाही, हे सांगणारी बाबांनंतर मी दुसरी. ज्या घरांतून मी नाही म्हणून बाहेर पडते, तिथली माणसं मागे काय करत असतील ते मला बघावं लागत नाही. इथे मला बघावं लागणार आहे. तू माझी आहेस. म्हणून तर इतके दिवस फोन उचलला नाही.

कामाचं म्हणशील तर मी तुला शिकवणार नाही. कोर्सला पैसे भरू नकोस. माझ्याकडे राहायला ये, हवं तितके दिवस ये, पण या आठवड्यात नको.

या आठवड्यात एक दिवस अर्धी सुट्टी घे आणि दुपारी घरी जा. पुस्तकांमागचं यंत्र आधीच काढून ठेव. खोलीत आवाज असेल. एकदम आत घुसू नकोस, ते दचकतील आणि पुन्हा पळतील. दार वाजव, बाहेरूनच सांग, "बाबा, मी आहे." मग जमिनीवर त्यांच्या शेजारी बस. काही विचारू नकोस. चाक थांबेल. तेव्हा तूच म्हण की मला भूक लागलीय.

तुझ्या आईच्या जागी, पण तिच्याइतकी धीराची नसलेली,
मावशी