गेल्या वर्षीची फाइल

अण्णा, आज नातीचा निकाल फोनवर उघडताना चंदीगडच्या क्वार्टरमधली ती जूनची दुपार आठवली. बाहेर लू, कूलरच्या वाळ्याचा वास, आई कणीक मळतेय. तुम्ही युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सेंटरमधून जेवायला येता, चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहता आणि म्हणता, "नापास. इतिहासात गेलीस." मी म्हणते, "पण अण्णा, पेपर चांगला गेला होता." तुम्ही म्हणता, "मशीन कुणाची भीड ठेवत नाही. कॉलेज पुरे झालं. काकाला कळवतो, सांगलीच्या स्थळाला होकार दे म्हणून." आईचे हात कणकेतच थांबले. "अहो, जेवून तरी घ्या," एवढंच ती म्हणाली.

निकालाचा तो प्रोग्रॅम तुमचा, आणि केवढा तोरा होता तुम्हाला त्याचा! गुणांची कोणती फाइल उघडायची, ते नावही तुम्ही प्रोग्रॅमच्या पोटातच लिहून टाकलं होतं. सेंटरमधले बाकीचे लोक ते नाव बाहेर, वेगळ्या पंच-कार्डावर ठेवायचे आणि दर वर्षी कार्ड बदलायचे. तुमचे सरदारजी मित्र एकदा आपल्याकडे चहा पिता पिता म्हणाले होते, "यार, नाम बाहर रखा कर, कल को बदलेगा." "पक्कं काम पुन्हा पुन्हा उसवायचं नसतं," असं तुम्ही मलाच मराठीत ऐकवलंत. घरातही तेच. जेवणाची वेळ, माझे विषय, माझं लग्न, सगळं एकदा ठरलं की ठरलं.

त्या वर्षी नव्या फाइलचं नाव वेगळं होतं आणि जुनी कुणी पुसली नव्हती. प्रोग्रॅम बिचारा हुकमाचा ताबेदार, गेल्या वर्षीचीच उघडून बसला. नावं यंदाची, गुण गेल्या वर्षी त्याच रोल नंबरला पडलेले. अडलं असतं तर कुणीतरी पाहिलं असतं, पण अडलं कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी यादी बाहेर लावताना तुम्हीच थबकलात. पहिला आलेला रोल नंबर, गुणांसकट, गेल्या वर्षीचाच होता.

संध्याकाळी आलात ते थेट माझ्यापाशी. "पास आहेस. चूक माझी आहे." मग काकाला तार करायला निघालात आणि दारातून वळून विचारलंत, "तुला पुढं काय करायचंय?" हे मला त्या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? तुम्हाला शेवटपर्यंत वाटायचं, माझ्या मनात राग आहे. राग नव्हता हो. त्या दुपारी मी इतिहासाचं पुस्तक काढून एकेक उत्तर ताडून पाहिलं होतं. सगळी बरोबर निघाली, तरी मी स्वतःला नापासच धरलं. तुम्ही म्हणाला होतात ना.