अंगठी विकली, असे मामा लिहितात

३ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाकडे एक डबी दिली आहे. डबी कवळीची आहे, तेव्हा मामींना आधी सांगून ठेवा, नाहीतर उघडायच्या आधीच ती खिडकीतून बाहेर जाईल. आत दात नाहीत. कापसात गुंडाळलेली माझी साखरपुड्याची अंगठी आहे.

मामा, ती विकायची आहे. घटस्फोटाच्या सह्या होऊन आठ महिने झाले. तेव्हाच यांनी म्हटलं होतं की अंगठी तुझी, तिचं काय करायचं ते तू ठरव. (बघा, अजून "यांनी" लिहितेय. सवय जायला वेळ लागतो.) तशीही ती माझ्या बोटात कधी नसायचीच. दिवसभर प्लास्टर कालवायचं, मेणात दात बसवायचे, त्यात अंगठी कुठे घालणार? ती आपली टेबलाच्या खणात, चिमट्यांच्या शेजारी. परवा एका आजोबांच्या खालच्या जबड्याचा साचा शोधताना हाताला लागली आणि वाटलं, हिला सांभाळून मी नेमकी कशाची वाट बघतेय?

शिवाय गरजही आहे. आमच्या कामावरच्या मालकीणबाई म्हणाल्या की थोडं काम घरी करायला देईन, पण घासून चकाकी आणायची मोटर तुझी तू आण. एक जुनी मोटर मिळतेय. खोलीत ती ठेवायला खिडकीखाली जागाही करून ठेवलीय.

अंगठी तुम्ही तुमच्या सराफमित्राकडूनच घडवून घेतली होती, तेव्हा त्यांनाच द्या. वितळवायची असेल तर वितळवू देत. मला वाईट वाटणार नाही.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहे म्हणून तर हे काम सांगायचं धाडस केलं.

तुमची,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

डबी पोचली. तुझ्या मामीने ती चिमट्याने धरून माझ्यापुढे ठेवली. आत अंगठी आहे असं सांगूनही तिचा विश्वास बसेना.

तर काम झालं. अंगठी विकली. सराफाने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, असं काम आता माझ्याही हातून व्हायचं नाही. तेवढ्यात दुकानापाशी एक मोटार थांबली. त्यातून एक बाई उतरल्या, चांगल्या भरजरी, आणि त्यांना नेमकी तीच आवडली. भाव करायचीसुद्धा वेळ आली नाही. पैसे याच माणसाकडे पाठवतोय. मोजून घे आणि मोटर आण. विजेची तार जाडसर बघून घे, जुन्या यंत्रांचा भरवसा नसतो.

बाकी इकडे ठीक. पाट्या रंगवायचं सोडलं तरी लोक ऐकत नाहीत. औषधवाल्याच्या पाटीवरचं एक अक्षर गेल्या पावसाळ्याने खाल्लं होतं, ते परवा शिडीवर चढून भरून दिलं. हात अजून थरथरत नाही, एवढं आईला कळव.

एक सहज विचारतो. जावईबापूंचं काही पत्र, निरोप वगैरे येतो का? सहजच. माणूस वाईट नव्हता. मी चार ठिकाणी चौकशी करून मग तुझ्या आईला स्थळ सांगितलं होतं.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नकोस.

तुझा,
मामा

२२ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

मोटर आली! दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर चढवली आणि खाली जाताना माझ्याकडे असं पाहिलं की जन्मात विसरणार नाही. सुरू केली की खालच्या सायकलवाल्याच्या दुकानातले पाने वाजतात. तो भला माणूस आहे, म्हणाला दुपारी जेवून लवंडतो तेवढा तासभर सोडून काय ते करा.

पहिलं काम एका शाळामास्तरीणबाईंचं. वरचा पूर्ण जबडा. तयार झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं, हसल्या, आणि मग कवळी काढून पुन्हा डबीत ठेवली. म्हणाल्या, ही मी फक्त लोकांना रागवताना घालीन.

मामा, त्या मोटारीतल्या बाईंबद्दल अजून सांगा ना. वयाने केवढ्या होत्या? माझी बोटं काड्यांसारखी, त्यांना ती अंगठी बसली कशी? अंगठी कुणाच्या तरी हातात गेली हे वाचून बरं वाटलं.

आणि तुम्ही जावईबापूंचं विचारलंत म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात त्यांची भेट झाली. बँकेतलं दोघांच्या नावाचं खातं बंद करायचं होतं. काम झाल्यावर समोरच्या हॉटेलात चहा घेतला. तासभर गप्पा मारल्या, खूप हसलो. लग्न झाल्यापासून एवढं बोललो नव्हतो.

मामींना आणि तुम्हाला नमस्कार. असाच जीव लावत राहा, मला त्याची खोड लागली आहे.

तुमची,
भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस,
मामीचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिते आहे म्हणजे काहीतरी बिनसलं असेल, हे तू ओळखलंच असशील. तुझे मामा औषधवाल्याकडे गेलेत, तेवढ्यात लिहिते.

कुठली मोटार नि कुठली बाई! अंगठी आमच्याच घरात आहे. यांच्या ब्रशांच्या डब्यात, तळाशी, रंगाच्या फडक्यात. त्या दिवशी सराफाकडे म्हणून निघाले, चौकापर्यंत गेले आणि परत आले. तुला पाठवलेले पैसे यांच्या कानाच्या यंत्रासाठी बाजूला काढलेले होते. मला हे सांगितलं नव्हतं. मी यंत्राचं विचारलं तर म्हणाले, ऐकण्यासारखं आजकाल कोण काय बोलतं? मी सहा महिने या घरात ओरडून बोलते आहे. दूधवाल्याला वाटतं आमचं रोज भांडण होतं.

मी तरीही गप्प बसले असते. पण तुझं ते चहाचं पत्र यांनी मला तीनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? अंगठी पुन्हा लागेल. तेव्हा मात्र मी हे पत्र लिहायचं ठरवलं.

अजून एक सांगते, रागावू नकोस. इथे यांनी कुणालाच तुझं कळू दिलेलं नाही. सगळ्यांना सांगितलंय की जावई बोटीवर नोकरीला लागलेत, म्हणून मुलगी एकटी राहते. आठ-नऊ महिन्यांत दोनदा बढतीही दिली. कुणी विचारलं की हे नवीन बंदराचं नाव सांगतात. यांचा हेतू वाईट नाही. स्थळ यांनी आणलेलं, ते मनाला लागलंय. जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, मी अजून चार ठिकाणी विचारायला हवं होतं.

आता तूच काय ते लिही. माझं ऐकायचं तर आधी ऐकू यायला हवं.

तुझी,
मामी

८ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

मामींनी लिहिलं. त्यांच्यावर चिडू नका.

पत्र वाचून आधी खूप रागावले. मग तुमच्या त्या भरजरी बाई आठवल्या आणि एकटीच हसत बसले. मामा, तुम्ही थाप मारता तीही पाटीसारखी रंगवून.

पण आता जे लिहिते ते नीट वाचा. त्या चहाचा तुम्ही उलटा अर्थ लावलात. आम्ही हसलो, कारण आता एकमेकांना सांभाळायची गरज उरली नव्हती. तीन वर्षं त्या घरात आम्ही दोघं पाहुण्यांसारखे राहिलो. तुम्हाला उजेडाचा त्रास होत नाही ना, खिडकी लावू का, तुम्ही आधी जेवा, नाही तुम्ही. भांडण एकदाही नाही. एकदा मी मुद्दाम त्यांच्या आवडीचा कप फोडला, निदान ओरडतील म्हणून. त्यांनी तुकडे उचलले आणि मला लागलं का ते विचारलं. त्या रात्री मला कळलं की आम्ही दोघंही चांगले आहोत आणि याचा काही उपयोग नाही.

हे तुम्ही चार ठिकाणी नाही, चाळीस ठिकाणी विचारलं असतंत तरी कळलं नसतं. लोकांनी तुम्हाला खरंच सांगितलं होतं, माणूस चांगला आहे. म्हणून ते ओझं खाली ठेवा. तुम्ही ते वागवत राहिलात तर मला वाटत राहील की माझ्या आयुष्यात काहीतरी लाजिरवाणं घडलंय. तसं मला वाटत नाही. सकाळी उठते, मोटर सुरू करते, लोकांना दात देते. संध्याकाळी पाय लांब करून वाचत पडते. मी मजेत आहे. पण तुमच्या गावात मी एका खलाशाची बायको आहे, आणि तो खलाशी मला आवडत नाही.

तेव्हा दोन कामं. अंगठी खरोखर विका आणि त्या पैशांतून कानाचं यंत्र आणा. तुम्ही पाठवलेले पैसे मी परत करणार नाही, मोटर फार सुरेख चालते. दुसरं काम म्हणजे त्या बोटीवरच्या माणसाला घरी पाठवून द्या. निदान एका माणसाला तरी खरं सांगा. एकालाच. मग बघा कसं वाटतं.

रागावला असलात तर तसं लिहा, पण लिहा. तुमच्या पत्राशिवाय मला करमत नाही.

तुमची,
भिंगरी

१९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस रागावलो होतो. आधी तुझ्यावर, मग मामीवर, मग तुझ्या नवऱ्यावर, मग ज्यांनी ज्यांनी तो चांगला आहे म्हणून सांगितलं त्यांच्यावर. शेवटी रागवायला कुणी उरलं नाही, तेव्हा परवा डबा उघडला आणि अंगठी खिशात टाकून निघालो. मामी चौकापर्यंत सोबत आली. म्हणाली, मागच्या वेळी इथूनच वळला होतात.

दुकानात गर्दी होती. सराफाने अंगठी ओळखली. हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं, मला ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते कळलं. बोटीचं एक नवीन बंदर अगदी ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. मग तुझं पत्र आठवलं आणि मी गल्ल्यावर वाकून हळूच म्हणालो, "माझ्या भाचीचं लग्न संपलं. आणि ती मजेत आहे."

हळूच असं मला वाटलं. माझा आवाज आताशा मला कुठे कळतो? सगळं दुकान वळून बघायला लागलं. एका बाईंच्या हातातला डूल तसाच राहिला. मला वाटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं. पण घाम पुसून मान वर केली तर काहीच झालेलं नव्हतं. डूलवाल्या बाईंनी आपला दुसऱ्या कानाला डूल लावून पाहिला.

मग सराफही गल्ल्यावर वाकला आणि पुटपुटला. मी म्हटलं, काय? तो पुन्हा पुटपुटला. मी कानामागे हात धरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा काहीतरी म्हणाला, आणि मी पुन्हा मान हलवली. भिंगरे, चाळीस वर्षांची आमची मैत्री, पण तो माझ्यावर एवढा कधी वैतागला नव्हता. लालबुंद झाला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, "माझीही मुलगी परत आलीय!"

मला आजवर तो सांगत होता की थोरली हिशेब शिकायला माहेरी आली आहे. दोन वर्षं शिकतेय. मी कधी विचार केला नाही की एवढा हिशेब असतो तरी किती.

ती मागच्या टेबलाशी बसून मोती ओवत होती. तिने मान वर करून आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरा हातातून सुटला, मोती सगळीकडे उडाले, आणि ती इतकी हसायला लागली की शेवटी आम्ही दोघं म्हातारे खाली बसून मोती वेचत होतो आणि ती वरून दाखवत होती, तिकडे एक गेला, काका, तुमच्या पायापाशी एक.

तर अंगठी विकली, यंत्राचे पैसे झाले. मामीने खाली सही केली आहे, म्हणजे या वेळी सगळं खरं आहे. आशीर्वाद पुरून उरोत.

तुझा,
मामा

(खरं आहे. मी चौकातून मागोमाग येऊन दुकानाच्या दारात उभी होते. — मामी)