यंत्राच्या वामकुक्षीबद्दल खुलासा

सोलापूर, गुरुवार

तीर्थस्वरूप मामांना जावई श्रीमंतचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे? बना रुसून करकंबला पोचली असेल, आणि कारणही सांगून झालं असेल. माझी बाजू ऐकल्याशिवाय तिला ठेवून घ्यायचं ठरवू नका, एवढंच मागणं.

गिरणीच्या कचेरीत नवा कॉम्प्युटर आला हे तुम्ही जाणताच (तुम्ही त्याच्यापुढं नारळ फोडायला आला होता आणि साहेबांनी तुम्हाला बाहेर पायरीवर पाठवलं). पगाराचा प्रोग्रॅम मात्र जुन्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला. म्हणून नव्याला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम मी लिहिला. व्हय, मीच! सोंग इतकं हुबेहूब की पगाराच्या प्रोग्रॅमला आपण परक्या घरात आहोत याचा पत्ताच नाही. फक्त मध्येच तो गप्प बसायचा. बसला की बसला. ऑपरेटर ईरप्पानं एखादं बटण दाबलं की दचकून पुन्हा कामाला लागायचा. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर गोदामात जा.

आता बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळ होतं. छपाई होईपर्यंत प्रोग्रॅम जरा आडवा व्हायचा आणि घड्याळ त्याला वेळेवर उठवायचं. सोंगातही मी तसंच घड्याळ बनवलं होतं, मग ते उठवत का नव्हतं? विचार करून डोकं पिकलं, अन्न गोड लागेना (जेवत होतो, पण गोड लागेना). रविवारी दुपारी बनाला म्हटलं, "चारला उठव, कचेरीत जायचंय." ती म्हणाली, "झोपा की निवांत." जाग आली तर दिवेलागण! बना भिंतीवरच्या घड्याळाखाली शेंगा फोडत बसलेली, आणि घड्याळात अडीच. म्हणाली, "टोल्यानं तुमची झोप मोडंल म्हणून लंबक थांबिवला. पर आज चार वाजायला लई येळ लागतोय."

मामा, मी रागावलो नाही, मी नाचलो! माझ्या सोंगातही हेच चाललं होतं. प्रोग्रॅम झोपला की त्याचं घड्याळही झोपायचं, मग उठवणार कोण? सोमवारी सकाळी ते घड्याळ नव्या कॉम्प्युटरच्या खऱ्या घड्याळाला जोडून टाकलं, आणि पगारपत्रकं एका दमात बाहेर! अख्ख्या सोलापुरात हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं तर दाखवा.

मग कचेरीत माझा सत्कार ठेवला. त्यात साहेबांनी विचारलं, सुचलं कसं? मी म्हणालो, सखोल चिंतनातून. बना समोरच बसली होती. एवढंच झालं.

तुमचा गुणी जावई,
श्रीमंत

ता. क. बनाला पाठवून द्या, घर खायला उठतंय. साहेबांना खरं सांगायला मी तयार आहे, फक्त बढतीची ऑर्डर हातात पडू द्या.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कॉम्प्युटर परत बसला, आणि या खेपेला बटण दाबूनही उठेना. ऑर्डर गेली खड्ड्यात, साहेबांना सगळं सांगून आलो. ते म्हणाले, मग इथं काय करताय, बाईंना घेऊन या. रविवारच्या एसटीनं येतोय. बनाला म्हणावं, यंत्राचं नुसतं निमित्त आहे, मला तिच्यावाचून करमत नाही. (हे वाक्य मोठ्यानं वाचू नका.)