धोंड्याच्या वाणातला गळ

अंबड,
१८ मे २०२६

प्रिय राधेश्याम,

सप्रेम जय भीम. मी बरा आहे. तूही बरा असशील. धोंड्याचा महिना लागलाय म्हणजे तुमच्या घरात तळणीचा वास सुटला असेल. काकांना, काकूंना माझा नमस्कार सांग. सांगण्यासारखं वातावरण असेल तर सांग, नसेल तर राहू दे.

पत्र बघून हसू नको. दिवाळीनंतर तुमच्या ओसरीवर मला बसवून काकांनी शब्द घेतला, की ह्या घरातल्या कोणाला फोन करायचा न्हाई अन् मेसेजही करायचा न्हाई. मी तो शब्द पाळून राह्यलो. पत्राचं त्या दिवशी कोणीच काही बोललं नव्हतं.

कचरूमामा परवा दुकानात आल्ता, ठिबकच्या नळ्या न्यायला. तुमचा सालगडी असून माझ्याशी सरळ बोलणारा तुमच्या मळ्यावरचा तोच एक माणूस उरलाय. त्यानं मोबाइल काढून तू धाडलेला फोटो दाखवला अन् तुझा निरोप सांगितला: मिथुनला विचार, हा रॉड अन् रीळ घेण्यासारखं आहे का, दाजींना वाणात द्यायचंय.

राधे, तुझी कमाल आहे. सगळ्या जालना जिल्ह्यात तुला विचारायला दुसरा कोणी मिळाला न्हाई?

वाणात लोक जावयाला चांदीचा दिवा देतात, कपडे करतात, तेहतीस अनारसे बांधून देतात. तुमच्या दाजींना गळ पाहिजे. कचरूमामा म्हणत होता, पुण्यात धरणावर जातात म्हणे सुट्टीला, कंपनीतल्या लोकांबरोबर. मासा धरतात, हातात घेऊन फोटो काढतात अन् सोडून देतात. बरंच आहे. ह्या महिन्यात तुमच्या घरात अंड्याचं टरफल चालत न्हाई, तिथं मासा शिजवायचं विचारलं असतं तर काकूंनी जावयालाच उंबऱ्याबाहेर बसवलं असतं.

असो. विचारलंस तर सांगतो. गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगतो, कारण आता माझं कामच ते आहे. मावसभावाच्या दुकानात पाईप, जोडण्या, शेततळ्यात अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद हे सगळं त्याचं. कोपऱ्यातलं एक कपाट माझं, त्यात रॉड, रीळ, गळ, तंगूसचा दोरा. शहागडकडून नदीवरची पोरं येतात, घेऊन जातात. तातेराव गुरुजींचा पोरगा बी.एस्सी. अर्धवट टाकून गळ विकतो, असं लोक म्हणतात. माझे बाबा ऐकतात अन् चष्मा पुसतात.

तर तुझ्या फोटोतला सेट घेऊ नको. बिलकुल नको. त्याच्यात रॉड अन् रीळ सोडून बाकी सगळी भरती आहे: प्लॅस्टिकचे मासे, शिशाचे गोळे, तीन काट्यांचे गळ, वर चकचकीत पिशवी. पैसे पिशवीचे घेतात. रिळावर बारा बेअरिंग लिहिलंय, ते वाचून खुश होऊ नको. चार चांगल्या असल्या तरी पुष्कळ झालं. रीळ हातात घ्यायची अन् मूठ मागेपुढे हलवून बघायची. खडखड आली की तिथंच ठेवायची. ब्रेक ढिला करून दोरा हातानं ओढायचा. सरळ सुटला पाहिजे, झटके खात सुटला तर मासा दोरा तोडून जाणार.

रॉड फायबरचा घे. कार्बनचा हलका असतो, महाग असतो, अन् नवशिक्यानं दगडावर आपटला की गेला. दोरा ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कड्यात कापसाचा बोळा फिरवून बघायचा. बोळ्याचे तंतू अडकले म्हणजे आत चीर आहे. तेवढी चीर नवा दोरा कापून टाकते. दुकानदार बघत राहील, बघू दे. तुमच्या घरात कापसाला तोटा न्हाई.

अन् मुख्य गोष्ट. दाजी बसणार कुठं? नदीवर की तुमच्या शेततळ्यावर? नदीवर बसणार असतील तर काहीही घे. पण तळ्यावर बसणार असतील तर शिसं लावून तळाला गळ सोडायचा न्हाई. खाली कागद आहे. उतारावर गळ टेकला अन् ओढला की कागद फाटलाच. तळ्यात कटला अन् रोहू आहेत, कटला वरच खातो. थर्माकोलचा तरंगता गोळा, त्याच्याखाली हातभर दोरा, एकच बारीक गळ अन् गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला. एवढ्यावर दिवसभर मासे मिळतात. खोटं वाटत असेल तर तुझ्या बहिणीला, आकांक्षाला विचार, तिनं स्वतः

न्हाई. तिला विचारू नको. मी सांगतो तेवढं पुरे.

कळव.

तुझा,
मिथुन


अंबड,
२४ मे २०२६

राधेश्याम,

तुझा निरोप मिळाला, तळ्यावरच बसणार म्हणून. कचरूमामाबरोबर रॉड पाठवून राह्यलो. सहा फुटी आहे, फायबरचा, कडी तपासलेली. रीळ मधल्या मापाची. दोरा मी स्वतः भरलाय. पुडीत चार गळ आहेत, चारही दाबलेले. शिसं दिलेलं न्हाई, मागू नको.

दिसायला साधा आहे. पण ह्या खर्चात ह्याच्याहून चांगला तुला संभाजीनगरातही मिळणार न्हाई. दुकानात हा सेट मी बाजूला काढून ठेवला तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "लेका, त्या माणसाला तू एवढं निवडून देतोस? मी असतो तर वाळवी लागलेला बांबू दिला असता." मी म्हटलं, माल खराब द्यायचा तर कपाट कशाला लावलं?

खरं सांगू का. रात्रभर मलाही तेच वाटत होतं. एक रीळ आहे माझ्याकडं, आतला दात तुटलेला. वरून नवीकोरी दिसते, दुसऱ्या माशाला बंद पडते. सासऱ्यासमोर, मेव्हण्यासमोर, बायकोसमोर तो मूठ फिरवत बसला असता अन् काहीच फिरलं नसतं. मी ती दोनदा डब्यात घातली, दोनदा काढली. मंग राग आला, तिचा न्हाई, त्याचाही न्हाई, तुझा आला. ओसरीवर मला जे काही बोलले, तुझ्या चुलत्यानं माझ्या जातीचं जे काढलं, ते मी इथं लिहीत न्हाई. तू तिथं होतास. एका खोलीत दीड वर्ष राह्यलो आपण, एका ताटात जेवलो. तू फरशीकडं बघत बसलास.

अन् तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे, तेव्हा ती म्हणाली, "माझं काही न्हाई."

अभ्यास जमत न्हाई म्हणून कॉलेज सोडलं असं मी घरी सांगितलंय. तुला माहीत आहे कँटीनमध्ये मी त्या पोराला का मारलं अन् तो काय बोलला होता. प्राचार्यांनी कारण विचारलं. कारण सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. ओळखपत्र टेबलावर टाकलं अन् निघालो.

रॉड चांगला आहे. सावलीत ठेवायला सांग.

मिथुन


अंबड,
९ जून २०२६

राधेश्याम,

ह्या वेळी नमस्कार वगैरे काही न्हाई.

परवा कचरूमामा आल्ता. नळ्या न्यायला न्हाई, मला सांगायला. दुकानाबाहेर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. मी पाठवलेला रॉड काकांनी हातात घेतला अन् म्हणाले, एवढुशी काठी, जावयाला वाणात ही द्यायची? पाहुणे काय म्हणतील? मंग तू फोटोतला तोच सेट मागवलास. पिशवीवाला. मी लिहिलेलं तू वाचलं होतंस, शिसं अन् कागद, सगळं. तरी मागवलास, अन् दाजी तळ्यावर जाऊन बसले तेव्हा तोंडातून एक शब्द काढला न्हाईस. माझा रॉड कडब्याच्या शेडमध्ये पडलाय, दोऱ्याला गाठसुद्धा न मारलेला.

तीन काट्यांचा गळ उतारावर अडकला, दाजींनी दोन्ही हातांनी ओढला, अन् कागद टरकत गेला. दुसऱ्या दिवशी तळं अर्धं, तिसऱ्या दिवशी कटले नुसत्या कागदावर तडफडत होते. मोसंबी फळावर असताना. पाऊस कधी येईल त्याचा भरवसा न्हाई. हे ऐकून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, त्या बागेला मीही पाणी दिलंय सुट्टीत.

पण पुढचं ऐकलं अन् डोकं फिरलं. काकांनी विचारलं, हे असलं कोणी निवडलं? तू म्हणालास, मिथुननं.

मी गाडीची चावी घेतली. सरळ मळ्यावर जायचं, शेडमधून माझा रॉड काढायचा, पाहुण्यांसमोर आपटायचा अन् म्हणायचं, हा माझा, ह्याला शिसं आहे का बघा, अन् शिसं सोडू नका हे मी लिहून दिलंय ते ह्या तुमच्या पोराच्या खिशातून काढा. कचरूमामानं गाडीची चावी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाला, "थांब. अजून एक गोष्ट ऐक. मंग जा."

गळ टाकायच्या आधी आकांक्षा बांधावर चहा घेऊन आल्ती. शिशाचा गोळा बघून ती म्हणाली, "खाली सोडू नका. कागद आहे. वरच ठेवा, कटला वरच येतो."

दाजी हसले. म्हणाले, "तुला गं कसं माहीत? कोणी शिकवलं?"

ती चहा ओतत राह्यली. त्यांनी परत विचारलं. कचरूमामा म्हणतो, ह्या वेळी ते हसत नव्हते.

"कोणी न्हाई. असंच म्हटलं."

कप उचलून ती निघून गेली. त्यांनी गळ टाकला. तळं रिकामं झालं तरी ते अजून तेच विचारून राह्यलेत, घरातल्यांसमोर हसत हसत, खोलीत गेल्यावर कसं ते कचरूमामाला माहीत न्हाई. मला अंदाज आहे.

तू त्या दिवशी लिंबाखाली झोपला होतास, राधे. दोन दिवाळ्यांमागं. तिनं पकडीनं स्वतः गळ दाबले, बोटाला लागलं तरी सोडलं न्हाई. तरंगता गोळा पहिल्यांदा बुडाला तेव्हा तिनं रॉड माझ्या हातात दिला न्हाई, स्वतःच ओढला, अन् ओरडली न्हाई, तू जागा होशील म्हणून. शिशाचं, कागदाचं, कटल्याचं, जे ती बांधावर बोलली ते सगळं माझं बोलणं आहे, माझ्याच शब्दांत. माझं पत्र त्या माणसानं वाचलं तर त्याला दुसरं काही विचारायची गरजच उरणार न्हाई.

काल काका आले, बरोबर तुझा चुलता. दुकानात गिऱ्हाईक होतं. काका म्हणाले, "डाव साधलास पोरा. माझ्या जावयाच्या हातानं माझी बाग मारलीस." चुलत्यानं परत जात काढली. माझ्या हातात पाईप कापायची करवत होती. मावसभाऊ काउंटरवरून उडी मारून आला. त्याला वाटलं आता हा चालवतो. मी करवत खाली ठेवली. माझं तोंड बंद राहिलेलं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

गप्प राह्यलो म्हणजे मी तिला माफ केलं असं समजू नको. "माझं काही न्हाई" हे मी विसरलो न्हाई, विसरणारही न्हाई. लग्नाच्या दिवशी मी शहागडच्या पुलावर बसून होतो, तेही विसरलो न्हाई. पण बांधावर तिनं तोंड उघडलं. तुमच्या सगळ्या घरात, बाप, भाऊ, नवरा असताना, ते तळं वाचावं म्हणून बोललेली ती एकटीच होती. दुसरं कोणी न्हाई. तू तर मुळीच न्हाई.

आता नीट वाच.

माझी आधीची दोन पत्रं अन् हे तिसरं, चुलीत घाल. शेडमधला रॉड कचरूमामाला दे, तो नदीत टाकून येईल. तू खोटं बोललास ते आता खरं करायचं. कोणी विचारलं, काकांनी, दाजींनी, पाहुण्यांनी, तर सांग की मिथुननंच जड सेट निवडला, मुद्दाम निवडला, जुनी खुन्नस होती. कशाची खुन्नस असं विचारलं तर कॉलेजातली सांग, तुझ्याशी असलेली सांग, परीक्षेत मला कॉपी दाखवली न्हाई असं सांग, काहीही सांग. तिचं नाव येता कामा नये. तिचं तेवढं "असंच म्हटलं" राहू दे.

कागद जोडायचं मशीन आमच्याकडंच आहे. तळं पूर्ण कोरडं झालं की मावसभाऊ येऊन जोडून देईल. मी येणार न्हाई. त्याला चहा विचारा.

इथून पुढं तुझ्यामाझ्यात निरोप नको, कचरूमामाकडूनही नको. जालन्यात समोरून आलास तर मी रस्ता बदलेन. तूही बदल. लोकांना खरं वाटलं पाहिजे.

तुमचं तळं फाडणारा,
मिथुन