तेच औषध

बाई,

तुम्ही गेलात, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात स्वाइन फ्लूची साथ आली. धसईचा आपला दवाखाना तेव्हापासून मी एकटाच चालवतो. नव्वदच्या दशकात तुमच्या हाताखाली शिकायला आलो, तेव्हा अशा तापावर आपल्याकडे औषध असं नव्हतंच. ताप उतरायचं पातळ औषध द्यायचं, पाणी पाजत राहायचं आणि पोराचा श्वास बघत बसायचं. एकदा मी एका आईला म्हणालो, "उद्यापर्यंत खेळायला लागेल." ती गेल्यावर तुम्ही मला मागच्या स्वयंपाकघरात बोलावलंत. स्टोव्हवर सुया उकळतायत, तुमची पाठ माझ्याकडे. "धीर दे तिला. पण उद्याचं वचन कशाला देतोस? तुझ्या हातात आहे का ते?" मला राग आला होता. तुम्हाला तो दिसला असणार, कारण मग तुम्ही चहा टाकलात.

साथीच्या वर्षी फ्लूच्या विषाणूवरच्या कॅप्सूल आल्या. टोकावड्याच्या वरच्या पाड्यातली एक आई मुलीला घेऊन आली. ताप आदल्या दिवशीच चढलेला. मी कॅप्सूल फोडून साखरेच्या पाण्यात कालवली. पोरीने पहिला घोट ओकून टाकला.

"ह्यानं बरी व्हईल ना, डाक्टर?"

"लवकर सुरू केलं तर ताप एखादा दिवस आधी उतरतो. उलटी होते कधी कधी. धाप लागली तर लगेच घेऊन ये."

"म्हंजे बरी व्हईल," ती स्वतःशीच म्हणाली.

मुलगी बरी झाली. पाडाभर माझ्या औषधाचं नाव झालं. ती कदाचित औषधाशिवायही उठली असती. बहुतेक मुलं उठतातच. पण हे बोलायचं कुणाशी? तुम्ही असतात तर हसला असतात.

त्या मुलीचा धाकटा भाऊ तेव्हा मामाकडे होता. त्यालाही ताप आला, तो तिथे अंगावरच काढला. माझ्याकडे आणला तेव्हा श्वासागणिक त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. औषध सुरू केलं आणि जीप करून मी त्यांच्यासोबत कल्याणला गेलो. मोठ्या दवाखान्यातही तेच औषध चालू ठेवलं. पोर वाचलं नाही.

काही दिवसांनी त्याची आई एकटीच आली. दारातच उभी राहिली.

"तेच औषध व्हतं ना?"

"हो."

"मंग?"

'उशीर झाला' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. म्हटले असते तर मी सुटलो असतो, आणि तिला जन्मभर आपल्या भावाचं, पोराच्या मामाचं, तोंड बघवलं नसतं. पण वेळेत दिलं असतं तर तो नक्की वाचला असता, हे तरी मी कशावरून सांगणार? वाचण्याची आशा वाढली असती, एवढंच.

"मला माहीत नाही गं," मी म्हणालो.

ती बघत राहिली. "नाय माहीत, तर नाय माहीत," म्हणाली, आणि बाकावर बसली. पेशंट कुणी नव्हते. मीही दुसऱ्या टोकाला बसलो.

ती अजून येते, बाई. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी दारात टेकवते, पाणी पिते, पोरीची शाळा कशी चाललीय ते सांगते आणि जाते. दुखत-खुपत काही नसतं. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. बाजाराच्या दिवशी ती येऊन जाईपर्यंत मी जेवायला घरी जात नाही.