तुझी ताई गवतात हरवते

आमचे एकुलते एक मेहुणे श्री. टोळभैरव यांस,

म्हाताऱ्या दाजीचे पोतंभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे बोलके झालेत. जिना चढताना एकमेकांशी भांडतात. बाकी ठीक. पत्रास कारण की, परवा तुझ्या ताईला मी गवतात हरवून बसलो. सापडली, घाबरू नकोस. (घाबरणार असशील तर! दोन वर्षं तुम्हा बहीणभावांचा अबोला. तू नवं घर घेतलंस ते तिला परक्याकडून कळलं, हा तुझा गुन्हा; वर "सांगायचं राहिलं" म्हणालास, हा त्याहून मोठा.)

आपलं ते गवताचं माळरान आठवतं? आमचं लग्न ठरल्यावर आम्ही सायकलवरून तिकडे जायचो आणि तुझी आई पहाऱ्याला म्हणून तुला पुढच्या नळीवर बसवून द्यायची. पहारेकरी पहिल्या चढालाच डुलक्या घ्यायचा आणि त्याची लाळ माझ्या नव्या बाहीवर! त्या माळाचं आता राखीव रान झालंय. पक्षी जमिनीवर अंडी घालतात, म्हणून मोठ्याने बोलायचं नाही आणि भडक कपडे घालायचे नाहीत, असं शेजारच्या मास्तरांनी आधीच बजावलेलं.

आता चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला कपड्याची अट घातल्यावर तो गप्प बसेल होय? पडद्याच्या कापडाचा एक तागा पडून होता, वाळक्या गवताच्या रंगाचा, वर हिरव्या काड्या. त्यातून मला सदरा आणि तिला गळ्यापासून घोट्यापर्यंत डगला बेतला. घालून बघून ती म्हणाली, "अशी मी खिडकीत उभी राहिले तर पडदा समजून मला बाजूला साराल आणि बाहेर बघाल."

निघालो. चढाला सायकल हातात धरून नेली. (उतारालाही. माझ्या ब्रेकवर तिचा विश्वास नाही.) गवत मात्र तेच आहे रे! वारा आला की मखमलीवरून उलटा हात फिरवावा तसं सगळं एका अंगाला निजतं. तू त्यात उड्या मारत शिरायचास आणि आम्हाला नुसता डोक्यावरचा भोवरा दिसायचा. ते आठवत उभा राहिलो, वळून बघतो तर बायको गायब. चहूकडे माझंच कापड डुलतंय! इतकं बेमालूम काम जन्मात हातून झालं नव्हतं. आधी अभिमान वाटला, मग घाम फुटला. तिला एका कानाने ऐकू येत नाही, आणि मी हाक मारली तर राखणदार धावत आला.

"आजोबा, ओरडू नका."

"अरे, बायको हरवलीय!"

"कपडे कसले आहेत?"

"गवतासारखे."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "मुद्दाम?"

पाऊण तासाने सापडली. आपण डबा खायचो त्या सपाट खडकाआड निवांत बसलेली. पुढे डबा उघडून तीन वाटे काढलेले. तिसरा कोणाचा विचारलं, तर म्हणाली, "हात चुकला." मिठाचा खडा कधी न चुकलेला हात! त्या वाट्याकडे मी बोट नेलं तर फटका बसला. झाकून तसाच घरी आणला. वाटेत एक अक्षर बोलली नाही; आणि ती बोलत नाही तेव्हा घर किती मोठं वाटतं, ते तुला काय सांगू.

तुझा,
दाजी

ता. क. : ताईने निरोप दिलाय की राग गेला, रविवारी ये.

ता. क. दुसरा : वरचं खोटं आहे. पत्र तुला लिहितोय हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "घालवा कागद वाया." तरी तू ये. माझी विनंती समज.

ता. क. तिसरा : तुझ्या नव्या घराचा पत्ता कोणाला विचारावा म्हणून आत्ता चपला घालत होतो. तिने हातातून पाकीट ओढून घेतलं आणि गल्ली, मजला, दाराचा नंबर, सगळं एका दमात लिहून दिलं. फाडून टाकलं असशील तर तुकडे जुळव आणि अक्षर बघ.